आजोबांच्या इटलीतल्या फोटोतला ट्रक कुठला? १/३५ मध्ये बनवायचाय

माणदेशी_मॉडेलर
नमस्कार मंडळी. माझे आजोबा (आईचे वडील) ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या ३ ऱ्या बटालियनमधे ड्रायव्हर होते, यशवंत घाडगे व्हीसी (व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले) ज्या बटालियनचे तीच. दोन फोटो मामाकडे होते, ते आता स्कॅन करून घेतलेत. एकाच्या मागे पेन्सिलनं "टायबर, ऑगस्ट ४४" असं लिहिलंय. आजोबा ट्रकच्या दाराला टेकून उभे आहेत, स्टिअरिंग उजवीकडे दिसतंय, नाक आखूड आणि बोथट, पुढची काच विचित्र आहे म्हणजे वरची कड पुढे आलेली आणि खालची आत गेलेली. बॉनेटच्या बाजूला पांढऱ्या रंगात एल हे अक्षर आणि त्यापुढे ५२ एवढं वाचता येतं, बाकीचं आजोबांच्या खांद्यामागे गेलंय. मागे ताडपत्रीचं छप्पर. घरात सगळे लहानपणापासून या गाडीला "आजोबांची बेडफर्ड" म्हणत आलेत.

दुसऱ्या फोटोत पट्ट्यांवर चालणारी छोटी उघडी गाडी आहे, चार जवान बसलेत, एका बाजूला तीन चाकं मोजता येतात.

मला पहिली १/३५ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढी, करायचीय, जमल्यास दुसरीपण. विमानं बरीच केलीत पण सैनिकी गाड्यांत नवीन आहे. किट घेण्याआधी नक्की गाडी कुठली ते कळायला हवं, कारण किटची किंमत अधिक कुरिअर अधिक कस्टम असं सगळं धरलं की चुकीचा डबा परवडत नाही. आणि ही गाडी आजोबांचीच दिसली पाहिजे, "साधारण तशी" नको. रंग आणि खुणांबद्दलही सांगा प्लीज.

रेडिएटर_राव
उजवीकडे स्टिअरिंग आणि नाक आखूड म्हणजे बेडफर्ड क्यूएल असणार, घरचे बरोबर म्हणतायत. १९४१ पासून ५० हजारांच्या वर बनली ती, ब्रिटिश सैन्यात सगळीकडे होती. आयबीजी कंपनीचं १/३५ मध्ये छान किट आहे, डोळे झाकून घ्या.

कॅब_नंबर_तेरा
थांबा थांबा, डोळे झाकून काही घेऊ नका. क्यूएलला बॉनेटच नसतं, ड्रायव्हर इंजिनाच्या वर-बाजूला बसतो आणि पुढचा भाग सरळ भिंतीसारखा खाली येतो. यांच्या फोटोत बॉनेटच्या बाजूला नंबर लिहिलाय, म्हणजे आखूड का होईना बॉनेट आहे. त्या एका गोष्टीवर क्यूएल बाद. त्याच कारणानं फोर्डसन डब्ल्यूओटी६ पण बाद, जी क्यूएलबरोबर सारखी गल्लत होते. बेडफर्डमधे बॉनेटवाल्या म्हणजे १५ हंड्रेडवेटची (पाऊण टनी) एमडब्ल्यू आणि ३ टनी ओवाय. एमडब्ल्यूचं बॉनेट रुंद आणि चपटं, जवळपास गाडीच्या पूर्ण रुंदीचं. ओवायचं नाक पुढे लांब निघालेलं आणि उतरतं. दोन्हींत बोथटपणा नाही आणि काच उलटी झुकलेली तर अजिबातच नाही.

ती उलटी काच म्हणजे सहीच समजा. कॅनडात बनलेला ट्रक, कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न, लोक सीएमपी म्हणतात, आणि त्यातली १३ नंबरची कॅब. या ट्रकांच्या कॅब तीन पिढ्यांत आल्या, ११, १२ आणि १३. अकरा-बाराला काच सरळ उभी असते, आत जागा फार अडचणीची होती म्हणून ड्रायव्हर वैतागायचे. १९४२ पासून तेरावी दिसायला लागली, जास्त ऐसपैस, आणि काच मुद्दाम उलटी झुकवलेली, कारण सरळ काचेवर ऊन पडलं की वरून विमानातून चमक दिसते. झुकवली की ऊन खाली जमिनीकडे परावर्तित होतं.

हे ट्रक शेवरोले आणि फोर्ड दोघांनी बनवले, कॅब जवळपास एकच, आत इंजिन वेगळं: शेवरोलेचं सरळ सहा सिलिंडरचं, फोर्डचं व्ही८. कॅनडानं त्या युद्धात ८ लाखांहून जास्त लष्करी गाड्या बनवल्या आणि त्यातल्या साधारण अर्ध्या या सीएमपी, त्यामुळे इटलीत भारतीय डिव्हिजनमधे हा ट्रक दिसणं अगदी स्वाभाविक आहे. डंकर्कला ब्रिटिश सैन्य आपल्या गाड्या फ्रान्समधे सोडून आलं, ती तूट कॅनडानं भरून काढली.

स्टिअरिंग उजवीकडे आहे हे तुम्ही आवर्जून लिहिलंत ते फार चांगलं केलंत. इटलीत अमेरिकन जीएमसी ट्रकसुद्धा पुष्कळ होते, पण ते डावीकडून चालवायचे.

माणदेशी_मॉडेलर
बापरे, गुगलवर १३ नंबरची कॅब बघितली, तीच आहे!! दाराचा आकार, काचेचा कोन, सगळं तंतोतंत. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली बाबा कधीतरी "कनाडी गाडी" म्हणायचे पण आम्हाला वाटायचं जागेचं नाव असेल.

आता प्रश्न असा की यात पण डझनभर प्रकार दिसतायत, सी१५ए, सी६०एस, सी६०एल, एफ६०एल... डोकं गरगरलं. फोटोवरून ओळखता येईल का?

कॅब_नंबर_तेरा
येईल. आधी नावाची फोड: सी म्हणजे शेवरोले, एफ म्हणजे फोर्ड. आकडा म्हणजे किती हंड्रेडवेट माल, एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, आपले साधारण ५१ किलो, त्यामुळे १५ म्हणजे पाऊण टन आणि ६० म्हणजे ३ टन. शेवटचं अक्षर पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर सांगतं, ए म्हणजे १०१ इंच, एस म्हणजे साधारण १३४, एल म्हणजे १५८.

तुमच्याकडे "एल" हे अक्षर आहे नंबरच्या आधी, आणि ते फार मोलाचं आहे. (हे एल आणि सी६०एल मधलं एल यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, गोंधळ करून घेऊ नका.) ब्रिटिश वॉर डिपार्टमेंटच्या नंबरात पहिलं अक्षर गाडीची जात सांगतं. एल म्हणजे लॉरी, एक टनाच्या वरची. झेड म्हणजे एक टनापर्यंतचा ट्रक. टी म्हणजे रणगाडे आणि पट्ट्यांच्या कॅरिअर, एफ चिलखती आणि स्काउट गाड्या, एच तोफा ओढणारे ट्रॅक्टर, एम मोटारी, सी मोटरसायकली, ए अँब्युलन्स, एस स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या तोफा, एक्स ट्रेलर. म्हणजे तुमची गाडी १५ हंड्रेडवेटची नाही, तसं असतं तर झेड आलं असतं. त्यामुळे सी१५एचं किट घेऊन चेसिस लांब करायचा विचार मनात आला तर सोडून द्या, तिची चाकंच लहान असतात, रिम १६ इंची, ३ टनीची २० इंची. ते जन्मात जुळत नाही.

आता राहिला प्रश्न एस की एल. फोटो अगदी बाजूनं काढलाय की तिरका?

माणदेशी_मॉडेलर
जवळजवळ बाजूनंच, थोडासा पुढून. दोन्ही चाकं पूर्ण दिसतात.

कॅब_नंबर_तेरा
मग सोपं आहे. मागच्या चाकाची उभी उंची मोजा, टायरसकट, जमिनीपासून वरपर्यंत. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. १५ हंड्रेडवेटला हा भागाकार तीनच्या आत येतो, ३ टनी आखूडला सव्वातीनच्या जवळपास, ३ टनी लांबला साडेतीनच्या वर. फोटो तिरका असेल तर आडवं अंतर आखडतं, उंची आखडत नाही, म्हणून उत्तर सहसा खऱ्यापेक्षा कमी येईल. हे ध्यानात ठेवून निकाल लावा. आणि मोजताना उंची घ्या, चाकाची रुंदी नको, ती पण तिरकस फोटोत दबते.

वेल्ड_आणि_रिव्हेट
दुसऱ्या फोटोबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून मी. पट्ट्यांची छोटी उघडी गाडी, बाजूला तीन चाकं. ती तीन चाकं कशी आहेत ते बघा दादा: पुढची दोन एका जोडीत आणि तिसरं मागे एकटं असेल तर युनिव्हर्सल कॅरिअर. चार चाकं दोन जोड्यांत असतील आणि दातेरी चाक पुढे असेल तर लॉइड कॅरिअर. चार चाकं पण दातेरी चाक मागे, तर अमेरिकेत फोर्डनं बनवलेली टी१६. युनिव्हर्सलचं दातेरी चाक मागेच असतं. चाकं आणि दातेरी चाक एवढं बघितलं तरी ९० टक्के काम होतं, वरचा पत्रा कितीही सामानानं झाकलेला असो.

याला सगळे ब्रेन कॅरिअर म्हणतात, पण ब्रेन कॅरिअर हे त्याआधीचं एक वेगळं मॉडेल होतं, मागे एकाच बाजूला बसायला जागा असलेलं. युनिव्हर्सलला इंजिनाच्या दोन्ही बाजूंना खोलगट जागा असते. तुमच्या फोटोत मागे दोघे जण डावी-उजवीकडे बसलेत का? तसं असेल तर प्रश्न मिटला.

या गाडीचं स्टिअरिंग मला फार आवडतं म्हणून लिहितोच. चाक थोडं फिरवलं की पुढची चाकांची जोडी आडवी सरकते आणि पट्टाच किंचित वाकतो, गाडी हळूवार वळते. आणखी फिरवलं की मग एका बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागतो. म्हणजे मॉडेल वळणावर दाखवायचं असेल तर पुढची जोडी थोडी बाजूला सरकवून पट्टा हलका वाकवा, आणि दोन्ही बाजूंची जोडी एकाच दिशेला सरकते हे विसरू नका, एका आडव्या नळीवर बसवलेल्या असतात दोघी. मी अजून एकही डायोरामा (मॉडेलभोवती उभा केलेला देखावा) बघितला नाही ज्यात हे केलंय, आणि ते एवढं सुंदर दिसेल.

तामियाचं १/३५ मार्क २ चं किट जुनं आहे पण अजून बसतं चांगलं. पायदळ बटालियनमधे स्वतंत्र कॅरिअर प्लाटून असायची त्यामुळे तुमच्या आजोबांच्या फोटोत ती असणं बरोबरच आहे.

देवळालीची_तोफ
रंगाबद्दल मी सांगते, कारण इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. ब्रिटिश गाडी म्हटली की गडद हिरवी, असं नसतं. १९४४ च्या एप्रिलमधे एससीसी १५ हा ऑलिव्ह ड्रॅब (मळकट हिरवा) ठरला खरा, पण ज्या गाड्या आधीच मैदानात होत्या त्या काही दुसऱ्या दिवशी रंगवून झाल्या नाहीत. भूमध्य समुद्राच्या बाजूला, म्हणजे इटलीत, १९४३ पासून लाइट मड हा फिकट मातकट रंग आणि त्यावर काळ्या रंगाचे मोठे पट्टे असा प्रकार होता. ऑगस्ट ४४ मधे दोन्ही शक्य आहेत. फोटोत कॅबच्या पत्र्यावर फिकट आणि गडद अशा दोन छटा, कडा स्पष्ट, असं काही दिसतंय का? दारावर बघा, चाकावरच्या मडगार्डवर बघा. ताडपत्रीवर नको, तिथे सावल्या फसवतात. दोन छटा असतील तर निःशंक लाइट मड आणि काळा. एकच सपाट गडद छटा असेल तर ऑलिव्ह ड्रॅब.

आणि एक, तो फोटो कृष्णधवल आहे तर लाल रंगाच्या बाबतीत सावध राहा. त्या काळच्या काही फिल्मला लाल दिसायचाच नाही, ऑर्थोक्रोमॅटिक म्हणायचे, लाल भाग काळाकुट्ट यायचा आणि निळा फिका. पुढच्या बंपरवर किंवा मडगार्डवर छोटा चौकोन दिसत असेल तर तो युनिटचा रंग असतो, आत पांढरा आकडा. पायदळाला ब्रिगेडच्या ज्येष्ठतेप्रमाणे लाल, हिरवा किंवा तपकिरी. तोफखान्याला वर लाल खाली निळा. सप्लायवाल्यांना, म्हणजे सर्व्हिस कोअरला, लाल-हिरवा तिरका. त्यामुळे चौकोन पूर्ण एका छटेचा आहे की अर्धा-अर्धा तिरका कापलेला, एवढं जरी कळलं तरी ट्रक बटालियनचा स्वतःचा होता की सर्व्हिस कोअरनं तात्पुरता दिलेला हे समजेल. आजोबा ड्रायव्हर होते म्हणजे बहुतेक बटालियनचाच, पण चौकोन बघितल्याशिवाय रंगवू नका.

कुठे पिवळा गोल आणि आत काळा आकडा दिसला तर तो पुलाचा वर्ग, म्हणजे ही गाडी किती वजन पेलणाऱ्या पुलावरून जाऊ शकते. नद्या ओलांडत वर चाललेल्या सैन्यात त्या आकड्याला फार किंमत होती.

शक्तिमान६५
माझा छोटा प्रश्न इथेच विचारू का, माझ्या काकांचा पण एक फोटो आहे, ट्रकच्या नंबरात आधी वर टोक असलेला बाण आहे आणि मग आकडे. तो पण ब्रिटिश का?

देवळालीची_तोफ
नाही, तो स्वतंत्र भारताच्या सेनेचा नंबर. बाण इंग्रजांच्या जुन्या सरकारी खुणेवरूनच आलाय, पण त्यापुढे दोन आकडे म्हणजे गाडी सेनेत आली ते वर्ष, मग अक्षर, मग क्रमांक. ब्रिटिशांनी त्यांच्याकडे १९४९ पासून दोन आकडे, दोन अक्षरं, दोन आकडे अशी पद्धत लावली, त्यात बाण नाही. तुमच्या नावावरूनच वाटतंय की ट्रक शक्तिमान असेल, जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनायचा तो. वेगळा धागा काढा, फोटो टाका, तिथे बोलू.

नगरी_रणगाडा
सीएमपीची गोष्ट निघालीच आहे तर एक भर घालतो. याच फोर्ड सीएमपीच्या चेसिसवर भारतात चिलखती गाडी बनायची, आर्मर्ड कॅरिअर व्हील्ड इंडियन पॅटर्न. चेसिस कॅनडाची आणि पोलादी पत्रे जमशेदपूरच्या टाटांचे, म्हणून जवान तिला टाटानगर म्हणायचे. भारतीय रेजिमेंटनी ती आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात वापरली. दादा, तुमच्या अल्बममधे अजून फोटो असतील तर पाठीमागून कोपऱ्यात एखादी चौकोनी, डोक्यावर उघडी, चार चाकांची पत्र्याची पेटी दिसतेय का बघा जरूर. आपल्याकडे बनलेली गाडी असून आपल्याच मॉडेलवाल्यांनी तिच्याकडे लक्ष दिलेलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आणि नगरला (आता अहिल्यानगर) कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, तिथे एकदा जाऊनच या. ट्रकांसाठी नाही, तिथला भर रणगाड्यांवर. रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे, मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल आहेत. पण त्या काळचा ब्रिटिश रिव्हेट खरा केवढा असतो, वेल्डिंगची रेघ किती ओबडधोबड असते, जाड रंगाखाली ओतीव लोखंड कसं खडबडीत दिसतं, हे हात लावण्याइतक्या अंतरावरून बघितलं की मॉडेलवरचा हात बदलतो. मॅटिल्डाच्या बुरुजाकडे तिरक्या उन्हात बघा, सकाळी लवकर. किटमधे तो भाग गुळगुळीत येतो आणि लोक तसाच रंगवतात. फोटो काढता येतील का ते गेटवर आधी विचारून घ्या, आणि काढलेत तर भागाच्या बरोबर समोर उभं राहून काढा, खालून वर नको, नाहीतर मापं घेता येत नाहीत.

माणदेशी_मॉडेलर
सगळ्यांचे मनापासून आभार. मोजलं. भागाकार ३.६ आला, फोटो थोडा तिरका धरला तर खरा बहुधा आणखी जास्त असणार, म्हणजे लांब चेसिसचा ३ टनी. दारावर दोन छटा स्पष्ट आहेत, गडद भाग दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरका खाली मडगार्डवर उतरतो. चौकोन बंपरच्या उजव्या टोकाला आहे, एकाच छटेचा, गडद, आतला आकडा धूसर. डावं टोक दगडामागे गेलंय.

कॅरिअरची चाकं दोन जोडीत आणि एक एकटं, मागे दोघे दोन बाजूंना. युनिव्हर्सलच.

आता शेवरोले की फोर्ड, हे कसं ठरवू? आणि नंबरचे उरलेले आकडे?

कॅब_नंबर_तेरा
वा, छान मोजलंत. म्हणजे सी६०एल किंवा एफ६०एल. बाजूच्या फोटोवरून, बॉनेट बंद असताना, या दोघांत शपथेवर सांगणं मला बरोबर वाटत नाही. बाहेरून दिसणारं मॉडेल दोन्हींत सारखंच होणार आहे. मिरर मॉडेल्सचं १३ नंबर कॅबचं सी६०एल आहे १/३५ मध्ये, ते घ्या, बॉनेट बंद ठेवा. तुकडे बारीक आहेत त्यांचे, चेसिसला वेळ द्या, चारही चाकं सपाट काचेवर टेकतायत ना ते गोंद ओला असतानाच तपासा. १/३५ ला तुमचं चाकांमधलं अंतर ११५ मिलिमीटरच्या जवळ यायला हवं. पट्टी लावून बघा, चेसिस जोडताना वाकली तर तिथेच कळेल.

नंबरचे आकडे स्वतःच्या मनानं घालू नका. तुमच्या फोटोत उत्तर आहेच की, आजोबा जिथे टेकलेत तिथेच त्यांची आकृती उभी करा, खांदा बॉनेटच्या नंबरासमोर येईल असा. एल ५२ एवढं दिसेल, बाकीचं त्यांच्यामागे. दुसऱ्या बाजूच्या बॉनेटवर काय लिहायचं तर ती बाजू भिंतीला लावा, इटालियन दगडी भिंत, किंवा त्या भागावर जाळी टाका.

देवळालीची_तोफ
गडद एका छटेचा चौकोन म्हणजे पायदळ, म्हणजे ट्रक बटालियनचाच. लाल, हिरवा की तपकिरी हे छटेवरून ठरवू नका, वर फिल्मचं सांगितलंय ना. तुमच्या आजोबांची बटालियन त्यावेळी १० व्या भारतीय डिव्हिजनमधे कुठल्या ब्रिगेडला होती आणि ती ब्रिगेड ज्येष्ठतेत कितवी हे शोधा, रंग त्यातून निघेल. आजोबांचं सर्व्हिस बुक घरात असेल तर त्यापासून सुरुवात करा. आणि मूळ फोटो पुन्हा स्कॅन करा, १२०० डीपीआयला, फक्त तो बंपरचा तुकडा. छोट्या प्रिंटमधे पण कधीकधी आकडा सुटतो.

काळा पट्टा फोटोत दिसतो तेवढा त्याच जागी काढा. छपराच्या भागावर आणि न दिसणाऱ्या बाजूला तोच उतार पुढे चालू ठेवा, पट्ट्याच्या कडा ब्रशनं, एअरब्रशची धूसर कड नको.

वेल्ड_आणि_रिव्हेट
आणि कॅरिअर सुरू करताना सांगा दादा, पट्टा वाकवायला किटमधला मऊ पट्टा चालेल की सुटे दुवे लागतील यावर मला बोलायचंय. पुढच्या जोडीची नळी कापायची जागा मी रेखाटन करून टाकतो उद्या संध्याकाळपर्यंत.

माणदेशी_मॉडेलर
सर्व्हिस बुक मामाकडे आहे, रविवारी विट्याला जातोय तेव्हा आणतो आणि पानांचे फोटो इथे टाकतो. बंपरचा स्कॅन आज रात्री लावतो. किट ऑर्डर केलं.